बिलिंग मशीनचा अकरा महिन्यांचा अनुभव आणि त्याचा खरा खर्च

तासगावात आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. खिळे, पीव्हीसी पाइप आणि फिटिंग, सिमेंट, रंग, पाण्याच्या मोटारी, ठिबकचे सुटे भाग आणि द्राक्षबागेच्या मांडवाला लागणारी तार असा आमचा माल. गेल्या वर्षी ३० मार्चला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, मी हातात मावणारे एक बिलिंग मशीन विकत घेतले. अँड्रॉइडवर चालणारे, माथ्यावर दोन इंची थर्मल प्रिंटर असलेले आणि कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर आत बसवलेले असे ते मशीन आहे. आता त्याला अकरा महिने होत आले. ओळखीचे दुकानदार काउंटरवर येऊन ते उचलून पाहतात आणि ‘घेऊ का?’ असे विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे. कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या पद्धतीबद्दल मला बोलायचे आहे त्याच पद्धतीने अशी बहुतेक मशीन विकली जातात.

आधी चांगले ते सांगतो. सकाळी नऊ ते अकरा या वेळात गवंडी, प्लंबर आणि शेतकरी एकदमच येतात. कोणाला अर्धा किलो दोन इंची खिळे हवे असतात, कोणाला पाऊण इंची चार एल्बो, तर कोणी चिठ्ठीवर वीस वस्तू लिहून पोऱ्याला पाठवलेला असतो. वीस वस्तूंचे बिल हाताने लिहून, प्रत्येकाचा कर वेगळा काढून बेरीज करायला मला सात-आठ मिनिटे लागत. मशीनवर तेच काम दोन मिनिटांत होते आणि बेरजेत चूक होत नाही. बिलाच्या खाली रकमेसह क्यूआर छापून येतो, त्यामुळे गिऱ्हाइकाने चुकून कमी आकडा टाकण्याचा प्रश्न मिटला. तिमाहीच्या शेवटी कर सल्लागाराकडे बिलबुकांचा गठ्ठा न्यावा लागत असे, तिथे आता गोषवारा पाठवला की काम भागते. कागदाचा खर्चही कमी झाला. पूर्वी मी दिवसाला तीसेक बिले फाडत असे, कारण नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाने २०० रुपयांच्या आतली खरेदी केली आणि बिल मागितले नाही, तर दिवसअखेर सर्वांचे मिळून एकच बिल केले तरी नियमाला चालते. आता ऐंशी बिले निघतात आणि त्याला वीस रुपयांचा एक रोल पुरतो. बिलबुकाचा रोजचा खर्च याच्या दुप्पट होता.

मशीनसाठी मी ११,८०० रुपये मोजले. त्यातला १,८०० रुपयांचा जीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे विक्रीवर मला भरायच्या करातून, वळता झाला, म्हणजे निव्वळ किंमत १०,००० रुपये. विक्रेत्याने ‘एक वर्षाचे सॉफ्टवेअर फ्री’ असे तोंडी सांगितले आणि पावतीवरही तसेच लिहून दिले. त्या वेळी मला ती सवलत वाटली. मशीन एकदा विकत घेतले की ते आपले, सॉफ्टवेअरचे पैसे म्हणजे दुरुस्ती आणि नव्या सोयींचे असणार, अशी माझी समजूत होती, आणि या लेखातली जवळजवळ प्रत्येक तक्रार त्या समजुतीतून निघालेली आहे.

सुमारे १,९०० वस्तूंची यादी भरायला मला आणि माझ्या पुतण्याला रोज रात्री दोन तास बसून तीन आठवडे लागले. हे काम खर्चात कोणी धरत नाही, पण ते धरायला हवे, कारण हीच यादी पुढे आपल्याला त्या मशीनशी बांधून ठेवते. ती बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते का, हे मी घेताना विचारले नव्हते. पुढे कळले की माझ्या प्लॅनमध्ये फक्त पीडीएफ निघते, आणि एक्सेल हवे असेल तर वरचा प्लॅन घ्यावा लागतो. पीडीएफमधल्या १,९०० ओळी पुन्हा हाताने टाइप करण्याची ताकद कोणत्या दुकानदारात असते?

पहिला मोठा धक्का सप्टेंबरात बसला. जीएसटीचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले, त्या दिवशी घटस्थापना होती. सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले आणि ठिबकचे साहित्य १२ वरून ५ टक्क्यांवर. आमच्याकडे द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर ठिबकच्या सामानाला मोठी मागणी असते, त्यामुळे त्या दिवशी सकाळी पहिल्या बिलापासून दर बरोबर असणे गरजेचे होते. मशीनमध्ये वस्तूंचा गट निवडून सगळ्यांचा दर एकदम बदलण्याची सोय होती, पण तिच्यावर कुलूप. ती वरच्या प्लॅनची सोय आहे, असे सांगणारी पट्टी पडद्यावर येत होती. रविवारी रात्री दुकान बंद केल्यावर मी एकेक वस्तू उघडून १४० वस्तूंचे दर हाताने बदलले. साडेबारा वाजले. त्यात दोन फिल्टर राहून गेले, ते तीन दिवसांनी एका बागायतदाराने दाखवून दिले आणि त्याला क्रेडिट नोट, म्हणजे जादा लावलेली रक्कम वजा केल्याची चिठ्ठी, द्यावी लागली. करदर सरकार बदलते, त्यात दुकानदाराची काही निवड नसते. कायद्याने भाग पाडलेले काम करण्याच्या सोयीसाठी वेगळे पैसे मागणे मला आजही पटत नाही.

त्याहून गंभीर प्रसंग जानेवारीच्या शेवटी घडला. बाजाराचा दिवस होता. सकाळी दुकान उघडून मशीन चालू केले तर पडद्यावर एवढेच : परवान्याची मुदत संपली, नूतनीकरण करा. मी पाडव्याला घेतलेले मशीन, वर्ष पूर्ण व्हायला दोन महिने बाकी. विक्रेत्याला फोन केल्यावर खुलासा झाला की वर्ष मोजले जाते ते मशीन पहिल्यांदा कार्यान्वित केल्यापासून, आणि गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी त्याने ते आदल्या जानेवारीतच कार्यान्वित केले होते. माझे दोन महिने त्याच्या काउंटरवर उडाले होते. पावती दाखवून तक्रार करा, चौकशी करू, असे उत्तर मिळाले. आजपर्यंत त्यापुढे काही झालेले नाही.

मी कपाटातले जुने बिलबुक काढले आणि हाताने बिले लिहायला घेतली. इथेही एक काळजी घ्यावी लागली. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक सलग असावा लागतो, तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा वापरता येत नाही. मशीनमध्ये शेवटचा क्रमांक कोणता हेही दिसत नसल्यामुळे मी वेगळी मालिका सुरू केली. एकापेक्षा जास्त मालिका ठेवायला नियमात परवानगी आहे, म्हणून निभावले.

अकराच्या सुमारास सावळजकडचे एक शेतकरी मोटर घेऊन आले. एप्रिलमध्ये त्यांनी ती आमच्याकडूनच घेतली होती, आत वाइंडिंग जळले होते, आणि एक वर्षाची वॉरंटी होती. मोटर बनवणाऱ्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर बिलाशिवाय हात लावत नाही. त्यांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकचे पाकीट काढले, त्यातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. कागद कोरा होता. उजेडाकडे धरून तिरपा केल्यावर आमच्या दुकानाच्या नावाची पुसट रेघ दिसली, बाकी मोटरचा सिरीयल नंबर नाही, तारीख नाही, रक्कम नाही. ‘दादा, मी तर जपून ठेवलं होतं,’ एवढेच ते म्हणाले. त्यांनी खरोखर जपले होते, आणि नेमके त्या जपण्यानेच अक्षर उडाले होते.

थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसते. कागदावरच्या लेपात रंग देणारी रसायने असतात आणि प्रिंटरचे तापलेले टोक जिथे टेकते तिथे तो लेप काळा पडतो. ऊन, तेलकट हात आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून सुटणारी द्रव्ये यांनी ते अक्षर फिके होत जाते. असा कागद तापलेल्या गाडीत राहिला तर उलट सगळाच काळवंडतो. चहाच्या बिलाला याने काही फरक पडत नाही. वॉरंटीच्या वस्तूला पडतो, आणि हे मला मशीन विकणाऱ्याने सांगितले नव्हते, मीही माझ्या गिऱ्हाइकाला सांगितले नव्हते. त्या दोषातला माझा वाटा मी मान्य करतो.

बिलाची प्रत मशीनमध्ये होती, पण मुदत संपल्यावर नवे बिल करता येत नाही एवढ्यावर भागत नाही, जुने बिल पाहताही येत नाही. उधारीची खातीही उघडत नाहीत. कोणाकडे किती येणे आहे हे त्या सकाळी मला माझ्याच दुकानात बसून सांगता येत नव्हते. मी मोबाइलवरून ३,५४० रुपये भरले, चाळीस मिनिटांनी मशीन उघडले, एप्रिलचे बिल शोधून पुन्हा छापले आणि समोरच्या दुकानातून त्याची झेरॉक्स काढून त्यांच्या हातात दिली. त्यांची मोटर वॉरंटीत दुरुस्त झाली. तेवढा वेळ ते बाहेर पोत्यावर बसून होते आणि मी आत घामाघूम झालो होतो.

त्या रात्री मी परवान्याच्या अटी पहिल्यांदा वाचल्या. मशीन सुरू करताना ‘सहमत’ या शब्दावर बोट ठेवून आपण ज्यांना मान्यता देतो त्या अटी इंग्रजीत, चौदा पाने भरतात. सॉफ्टवेअर विकलेले नाही, वापरण्याची मर्यादित परवानगी दिली आहे. ही परवानगी एकाच यंत्रापुरती आहे, यंत्र बदलले तर हस्तांतर कंपनीच्या मर्जीवर. दर केव्हाही बदलता येतील. मुदत संपून नव्वद दिवस झाले की माहिती पुसून टाकण्याचा अधिकार कंपनीला आहे. आता याच्या शेजारी कायदा ठेवून पाहा. जीएसटीचे हिशेब आणि बिले वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात, म्हणजे २०२५-२६ या वर्षाची कागदपत्रे डिसेंबर २०३२ अखेरपर्यंत. जबाबदारी सात वर्षे माझ्यावर आणि माहिती नव्वद दिवसांनंतर पुसण्याचा हक्क दुसऱ्याकडे, ही व्यवस्था कोणत्याही व्यापाऱ्याने समजून उमजून स्वीकारण्यासारखी नाही.

हे फक्त बिलिंग मशीनचे दुखणे आहे असेही नाही. ॲडोबीने २०१३ साली आपली डिझाइनची सॉफ्टवेअर यापुढे भाड्यानेच मिळतील असे जाहीर केले, तेव्हापासून एकरकमी विकण्याची पद्धत मागे पडत गेली. मोठ्या कंपनीला भाडे परवडते, कारण तिथे करार वाचायला माणूस असतो. तालुक्याच्या गावातल्या दुकानात करार वाचणारा, माल उतरवून घेणारा आणि गल्ल्यावर बसणारा माणूस एकच असतो.

पाच वर्षांचा हिशेब मी वहीत मांडला. मशीनचे निव्वळ १०,००० आणि पुढच्या चार वर्षांचे नूतनीकरण, कर वगळून दरसाल ३,०००, म्हणजे १२,०००. एकूण २२,००० रुपये, तेही दर वाढला नाही तर. वरचा प्लॅन दरसाल ६,००० रुपयांचा आहे, तो घेतला तर चार वर्षांचे २४,००० आणि एकूण ३४,०००. यात बॅटरी धरलेली नाही. नवव्या महिन्यापासून ती दुपारपर्यंतच टिकते, उघडून बदलता येत नाही, म्हणून मशीन आता दिवसभर वायरला बांधलेले असते आणि ‘हातात घेऊन गोदामात फिरा’ ही जाहिरातीतली सोय संपली आहे. यूपीआय व्यवहारावर मला काही आकार पडत नाही, पण पैसे आल्याची घोषणा करणाऱ्या साउंडबॉक्सचे दरमहा भाडे आहे, ते वेगळेच. असे लहान लहान भाड्यांचे आकडे एका ओळीत लिहून काढले तर महिन्याला किती रक्कम दुकानातून न बोलता जाते ते दिसते.

गेल्या चार आठवड्यांपासून मी दुसरी वाट चाचपून पाहतो आहे. दुकानात एक जुना संगणक पडून होता. त्यावरच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही. पुतण्याने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट आणि हिशेबाचे तक्ते करायला लिबरऑफिस टाकून दिले. दोन्हींना परवान्याचे पैसे नाहीत, मुदत नाही, आणि फाइल माझ्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर राहते. उधारीची खाती मी मशीनवरून पाहून पाहून त्यात उतरवली, वस्तूंच्या यादीतल्या रोज लागणाऱ्या सहाशे ओळी झाल्या आहेत. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब आणि माल सांभाळणारे, मुंबईत तयार झालेले मुक्त परवान्याचे, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारे सॉफ्टवेअर आहे, तेही पाहिले. ते भक्कम आहे, पण ते बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस हवा आणि त्याला पैसे द्यावे लागतात. मुक्त परवाना म्हणजे बिनखर्चाचा धंदा, असे मी कोणालाही सांगणार नाही. पुतण्या पुढच्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याला जाईल, तेव्हा हा संगणक अडला तर काय, हा प्रश्न माझ्यापुढे आहेच. घाईच्या वेळी संगणकावर बिल करणे मशीनपेक्षा सावकाश होते, हेही खरे.

म्हणून सध्या सकाळच्या गर्दीची बिले मशीनवर होतात. मोटर, ग्राइंडर, पाण्याची टाकी अशा वॉरंटीच्या प्रत्येक वस्तूचे बिल मी कार्बन लावून बिलबुकात लिहितो, त्यावर सिरीयल नंबर घालतो आणि शिक्का मारतो. दर शनिवारी दुकान बंद करताना आठवड्याची सगळी बिले पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घेतो. जे मशीन घेणार आहेत त्यांनी परवान्याची सुरुवातीची तारीख विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावी, मुदत संपल्यावर जुनी बिले दिसतात का ते त्याच्यासमोर दाखवायला लावावे, आणि वस्तूंची यादी एक्सेलमध्ये बाहेर निघते का हे पैसे देण्याआधी स्वतः काढून पाहावे. या तिन्हींपैकी एकालाही टाळाटाळ झाली, तर मी ते मशीन घेणार नाही.

माझा परवाना आता पुढच्या जानेवारीपर्यंत आहे. यादीतल्या उरलेल्या तेराशे ओळी त्याआधी उतरवून व्हायला हव्यात. रोज रात्री वीस होतात.