अँबेसेडरची अलाइनमेंट, सोलापुरातल्या होटगी रोडचं जुनं गॅरेज

आमच्या पप्पांची ८४ ची अँबेसेडर, तिचं डावं पुढचं टायर आतल्या बाजूने पार गुळगुळीत झालं होतं आणि अक्कलकोट रोडला स्टेअरिंग सोडलं की गाडी आपली डावीकडंच निघायची. आधी एका चकाचक कॉम्प्युटरवाल्याकडं नेली तर त्याने टो (पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) सेट करून पैसे घेतले, आठवड्यात परत तेच.

मग होटगी रोडला पत्र्याच्या शेडमधल्या मामांकडं गेलो. त्यांनी मशीनला हातच लावला नाही, आधी टायरची हवा बघितली, मग जॅक लावून चाक वरखाली हलवलं, खालच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्यात, प्ले (ढिलाई) निघाला, ग्रीस कधी मारलंय विचारलं तर आम्ही गप्प! म्हणाले, "अहो, प्ले असताना अलाइनमेंट करून काय उपयोग?"

खरी मजा पुढं. अ‍ॅम्बीला पुढं कॉइल स्प्रिंग नसते, टॉर्शन बार असतो, म्हणजे लांब लोखंडी दांडा पीळ घेऊन गाडीचं वजन धरतो, तो थकला की ती बाजू खाली बसते, चाक वरून आत कलतं आणि टायर आतून खातं. त्यांनी सपाट फरशीवर दोन्हीकडची उंची मोजून डावा बार ॲडजस्ट केला आणि टो सगळ्यात शेवटी, तोही दोरी लावून.

दोन दिवस गेले, बसायला धड खुर्ची नाही, फोन तर उचलतच नाहीत. १४०० घेतले, बुश वेगळे. पण परवा तुळजापूरला जाऊन आलो, गाडी सरळ पळतीय की राव. टायर मात्र नवीन घ्यावं लागलं.