३०४ स्टीलची टाकी, बोअरचं पाणी आन् निकेलचा पैसा : वापरानंतरचा अनुभव

दिवाळीत घेतलेली २०० लिटरची ३०४ ची (३०४, २०२ ह्या स्टेनलेस स्टीलच्या जाती) टाकी सगळा उन्हाळा काढून आता पावसाळ्याला लागली, म्हणून लिहायलोय. आमचं गाव जालन्याजवळ, पाणी बोअरचं, लई जड, तुरीची डाळ शिजत नाही असलं, आणि चैत्र-वैशाखात टँकर. आधीची टाकी २०२ ची म्हणून घेतलेली, ती खालच्या वेल्डिंगला गंजून झिरपायला लागली. नवी घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणला ३०४ न्या, पण पैसे जास्त पडतील, त्यातलं निकेल महाग हाय.

आता गंमत बघा, गंज थांबवायचं मेन काम निकेलचं नाहीच, ते क्रोमियमचं. त्याचा डोळ्याला न दिसणारा थर पत्र्यावर धरतो. निकेलनं स्टीलची आतली रचना बदलते, मग पत्रा ओढला-वळवला तरी चिरत नाही, वेल्डिंग नीट बसतं आणि ॲसिडला बी दम धरतो. ३०४ मध्ये क्रोमियम १८ टक्क्यांच्या पुढं आणि निकेल ८ च्या पुढं लागतं. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ वर आणून बाकी काम स्वस्तातल्या मँगनीजवर भागवतात.

दुकानात जो तो चुंबक घेऊन येतो, चिकटलं नाही की ३०४ म्हणून खुश. अहो २०२ ला बी चिकटत नाही! उलट ३०४ चा काठ जिथं दुमडलाय तिथं चुंबक जरासं ओढतंच. आणि खरं तर नुसतं शुद्ध निकेल चुंबकाला लोखंडासारखंच चिकटतं, पण तेच स्टीलमध्ये पुरेसं गेलं की स्टील चिकटायचं सोडतं. म्हणून तर साधं ३०४ चं पातेलं इंडक्शनवर चालत नाही, त्याला बुडाशी चुंबकाला धरणारा वेगळा पत्रा लावावा लागतो.

पाहुण्यातला एक पोरगा भंगाराच्या धंद्यात हाय, त्यांच्याकडं ती गन असते, पत्र्याला टेकवून ट्रिगर दाबला की जरा वेळात स्क्रीनवर कोणता धातू किती टक्के ते येतं. नवीन टाकीला लावली तर क्रोमियम १८.१, निकेल ८.०२. म्हणजे बनवणाऱ्यानं चिमूटभर जास्त घातलं नाही, पण फसवलं बी नाही. मग जुनीला लावली, तर निकेल १ च्या जरासं वर! २०२ चे पैसे मोजले आणि माल त्याच्याही खालचा. आता कुणाला भांडावं, बिलावर नुसतं "एसएस टाकी" लिहिलेलं.

भावाचं म्हणाल तर हा धातूच लहरी हाय. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या बाजारात निकेल टनाला १ लाख डॉलरच्या वर गेलं आणि व्यवहारच बंद ठेवावे लागले. सगळ्यात जास्त निकेल निघतं इंडोनेशियात, त्यांनी २०२० पासून कच्चं खनिज बाहेर द्यायचं बंद केलंय, वरून गाड्यांच्या बॅटऱ्यांना बी निकेल लागायलंय.

आता वापराचं. क्षार बसतोच, निकेल असो नसो, पांढरा थर घासावाच लागतो, आणि तो साचू दिला तर त्याच्याखाली पत्रा खराब व्हायला लागतो. बाकी वेल्डिंग अजून स्वच्छ. एकाच जागी तपकिरी ठिपके आलेत, बुडाला, टँकरच्या पाण्यात वडलांनी टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची, क्लोरीनची) कोरडीच टाकली होती आणि ती खाली बसून राहिली तिथं. ३०४ असलं तरी क्लोरीनपुढं त्याचं फार चालत नाही. पावडर वेगळ्या बादलीत कालवून, निवळलेलं वरचं पाणीच टाकीत घाला. मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ याला जास्त टिकतं पण त्याचा भाव ऐकूनच मी दुकानातून उठलो.

खरा राग आला तो तोटीचा. एवढी ३०४ ची टाकी आणि तोटी पितळेची, वरून निकेल, त्याच्यावर क्रोमची झिलई. उन्हाळ्यातच पापुद्रे निघाले, खालून हिरवट पितळ. असल्या सोललेल्या निकेलपासून ज्यांच्या कातडीला त्रास होतो त्यांनी जपून, आमच्या बहिणीला खोट्या कानातल्यानं कानाची पाळी खाजून लाल होते ती याच्यानंच. टाकीच्या पत्र्यानं तसं तिला काही झालं नाही. तोटी बदलून घेतली, टाकीवाल्यानं त्याचे पैसे काही दिले नाहीत. घ्यायची असली तर बिलावर ३०४ लिहून घ्या आणि तोटी कशाची ते आधीच विचारा.