होपचे उपकरण: नळकांडे ठीक, थर्मामीटर मात्र बदला

पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, हे दाखवणारे होपचे उपकरण दहावीच्या ‘उष्णता’ प्रकरणासाठी प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात मिळते. हे पत्र्याचे उपकरण म्हणजे पाण्याचे उभे नळकांडे, त्याभोवती मध्यावर बर्फ-मीठ भरायचे गोल भांडे आणि थर्मामीटरसाठी वर-खाली दोन भोके. यात बिघडणार काय? भांड्याचा डाग (झाळलेला सांधा) आणि खालचे रबरी बूच. पैसे देण्याआधी पाणी भरून अर्धा तास वर्तमानपत्रावर ठेवा. डाग झिरपला तर भांड्यातले खारे पाणी आत शिरते आणि गोड्या पाण्यापेक्षा जड असल्याने थेट तळाशी जाते. खालचा थर्मामीटर 4 अंशांच्या बराच खाली उतरू लागला, की पहिला संशय डागावर घ्यावा.

सोबत येणारे −10 ते 110 अंशांचे थर्मामीटर इथे कुचकामी. सगळा खेळ 0 ते 4 मधला आणि त्यांवर रेघ एकेका अंशाची. अर्ध्या अंशाच्या रेघांचे घ्या. वितळत्या बर्फाच्या चुऱ्यात ते 0 दाखवतात का, तेही पाहा. 1 दाखवला तर प्रत्येक नोंदीतून 1 वजा.

उपकरणाची कल्पना मात्र झकास. एक लिटर पाणी 4 अंशांना 999.97 ग्रॅम, 0 अंशाला 999.84 ग्रॅम. हा 0.13 ग्रॅमचा फरक शाळेच्या तराजूत कुठला सापडायला! म्हणून घनता न मोजता जड पाणी कुठे बसते ते बघायचे.

बर्फाचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी उष्णता घेतो. 500 ग्रॅम पाणी 28 वरून 4 अंशांवर आणायला x ग्रॅम बर्फ धरला, तर 80x = 500 × (28 − 4), म्हणून x = 150 ग्रॅम. हे झाले कागदावरचे. भांडे उघडे आणि खोली गरम, म्हणून तिप्पट धरा, 450. बर्फ आणि मीठ 3:1, तेव्हा मीठ y ग्रॅम धरून 3y = 450, जाडे मीठ 150 ग्रॅम. बर्फ हरभऱ्याएवढा फोडा. भांडे उथळ असल्याने एवढे एकदम मावत नाही, दोन-तीनदा भरावे लागते. खारे पाणी सोडायला तोटी असलेला नग मिळाला तर तोच घ्या.

नळकांड्याखाली थर्माकोल ठेवा, आतले पाणी ढवळू नका. खालचा थर्मामीटर 4 च्या आसपास स्थिरावला की बरेच जण आवरते घेतात. वरचा त्याला ओलांडून 0 कडे जातो, तो भाग त्यानंतरचा. त्यामुळे एक तासिका पुरत नाही, जोडतास मागून घ्या.