बॅटल ऑफ द बल्ज (1965): बर्फ कुठे गेला?

परत पाहिला हा पिक्चर आणि रॉबर्ट शॉचा जर्मन कर्नल सोडला तर नुसती चिडचिड झाली. दुसऱ्या महायुद्धातली ही खरी लढाई सुरू झाली 16 डिसेंबर 1944 ला, बेल्जियमकडच्या आर्डेनच्या जंगलात, कडाक्याची थंडी, दाट झाडी, आणि हवा इतकी खराब की दोस्त राष्ट्रांची विमानं सुरुवातीला धड उडूच शकत नव्हती, जर्मनांचा अख्खा डाव त्या हवेवरच तर होता! पण शूटिंग स्पेनमध्ये, त्यामुळे शेवटची रणगाड्यांची मोठी लढाई थेट उघड्या कोरड्या माळरानावर. आधीच्या सीनमध्ये बर्फ आहे हो, मग एकदम गायब कसा?

किंग टायगर, म्हणजे जर्मनांचे अवजड रणगाडे, म्हणून जे दिसतात ते अमेरिकेचेच एम 47 पॅटन, म्हणजे महायुद्ध संपल्यावर आलेले रणगाडे, आणि अमेरिकेच्या शर्मन रणगाड्यांच्या जागी हलके चॅफी रणगाडे. हे मी एकवेळ माफ करतो, चालू स्थितीतले खरे किंग टायगर तेव्हा आणणार कुठून. पण जंगल आणि हवामानच काढून टाकलं तर ती लढाई इतकी अवघड का गेली हे बघणाऱ्याला कळणारच नाही ना. खुद्द आयझेनहॉवरनी, म्हणजे त्या वेळच्या दोस्त सैन्याच्या सरसेनापतींनी, याच्यावर जाहीर टीका केली होती असं म्हणतात, ते अगदी बरोबर वाटतं मला.

जर्मनांची पेट्रोलची टंचाई मात्र खरी आहे आणि माल्मेडीला जर्मनांनी अमेरिकन कैद्यांना गोळ्या घातल्या तो प्रसंगही घेतलाय, तो बघताना पोटात कालवलं. 5 पैकी 2 स्टार.