मांजराची साखर: दवाखान्यात मोजायची की घरी?

मांजराला डायबेटिस निघाला, इन्शुलिन सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ टोचणंही अंगवळणी पडलं, की पुढचा प्रश्न साखर मोजण्याचा. दर वेळी दवाखान्यात न्यायचं, की माणसांचं ग्लुकोमीटर आणून घरीच कानातून रक्ताचा थेंब काढायचा? आमच्या बंडूसाठी आम्ही दोन्ही केलंय. जुळे सोलापुरात हल्ली घरोघरी मांजरं झालीत, त्यामुळे ओळखीतले लोक वरचेवर हेच विचारतात.

आधी दवाखान्याच्या बाजूने बोलतो. निदान तिथंच व्हायला हवं. मांजर घटाघटा पाणी पितंय, वाळूच्या ट्रेमध्ये मोठाले गोळे निघताहेत, वजन उतरतंय, ही लक्षणं मूत्रपिंडाच्या आणि थायरॉइडच्या दुखण्यातही दिसतात. घरच्या मीटरला त्यातला फरक कळत नाही. लघवीतले कीटोन (साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी द्रव्यं), सुजलेल्या हिरड्या, मूत्रमार्गातला संसर्ग, असलं काही आत चालू असेल तर इन्शुलिन नीट लागू पडत नाही, आणि ते शोधायला डॉक्टरचाच हात लागतो. बंडू मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालायला लागला होता. घरात कुणी म्हणे वय झालं, कुणी म्हणे गच्चीवरून उडी मारताना मुरगळलं. डॉक्टरांनी टेबलावर दोन पावलं चालवून बघितलं आणि म्हणाले, साखरेने नसा दुखावल्यात. साखर आटोक्यात आल्यावर चाल बरीच सुधारली.

तर रोजच्या मोजणीचं काय? कागदावर दवाखानाच सरस. यंत्र चांगलं, हात सराईत, आकडा विश्वासाचा. अडचण मांजराच्या स्वभावात आहे. मांजर घाबरलं की त्याची साखर चढते, आणि थोडीथोडकी नाही. डायबेटिस नसलेल्या मांजराचीही तीनशेच्या आसपास जाऊ शकते. आता आमचा प्रवास बघा. मे महिना, पारा बेचाळीस-त्रेचाळीस, प्लॅस्टिकची जाळीदार बास्केट मांडीवर, रिक्षा प्रत्येक गतिरोधकावर उडतेय आणि आत बंडूचा अखंड टाहो. एका रिक्षावाल्या मामांनी आरसा फिरवून विचारलं, ‘‘लेकरू आजारी हाय का?’’ दवाखान्यात बाकड्यावर नंबर लावून बसलो की शेजारी एखादा जर्मन शेफर्ड, तो बास्केटला नाक लावून हुंगणार. बंडू तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागायचा. मांजर असं धापा टाकत असेल तर ते चांगलंच हादरलेलं असतं. अशा अवस्थेत घेतलेला आकडा ३७२.

डॉक्टरांनी डोस वाढवण्याचा विचार बोलून दाखवला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, समोर आकडाच तो होता. पण दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला घरी, बंडू कूलरसमोर पसरलेला असताना, मीटरवर २१० आले. मग मी मीटर खिशात घालून दवाखान्यात गेलो आणि एकच थेंब दोन्ही यंत्रांवर लावून घेतला. आमचं मीटर कमी दाखवत होतं खरं, पण फरक पन्नासच्या आतला. उरलेली सगळी चढ प्रवासाची आणि त्या कुत्र्याची. तिच्यावर डोस वाढवला असता तर घरी शांत झोपलेल्या मांजराची साखर धोक्याइतकी खाली गेली असती. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

आणखी एक छोटी गोष्ट. इन्शुलिन सकाळी सातला दिलं तर साखर साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान सगळ्यात खाली जाते, आणि डोस ठरवताना ती खालची पातळी कळणंच महत्त्वाचं. दुपारी एक ते पाच सोलापुरात काय उघडं असतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आता घरच्या मोजणीतली खरी अडचण, थेंब काढणं. सुरुवातीला वैताग येतो, हे कबूल. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. मागून मोबाइलची बॅटरी धरली की ती स्पष्ट दिसते. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं कानावर अर्धा मिनिट धरायचं म्हणजे रक्त उतरतं. टोचायच्या जागी व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवायचा, नाहीतर थेंब केसांत पसरतो आणि पट्टीला काही मिळत नाही. कानाच्या आतून दुमडलेला कापूस धरायचा, तो सुई आरपार जाऊन आपल्या बोटात घुसू नये म्हणून. बंडूला आम्ही घरच्याच जुन्या सोलापुरी टॉवेलमध्ये मानेपर्यंत गुंडाळतो. जाड, खरखरीत, नख बाहेर येत नाही; चादर घेऊन बघितली, ती फार ऐसपैस होते. झालं की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आता मीटरची पिशवी काढल्याचा आवाज आला की तो स्वतःच ओट्याखाली येऊन बसतो, अर्थात चिकनसाठी. (दूधभात आणि दूधपोळी मात्र कायमची बंद. मांजर मुळात मांसाहारी, त्याला पिष्टाचं काही काम नाही.)

मीटरबद्दल एक खुलासा. माणसांचं मीटर मांजराच्या रक्तात साखर बहुधा कमी दाखवतं, कारण रक्तपेशी आणि रक्तद्रव यांत साखरेची वाटणी मांजरात वेगळी असते. प्राण्यांसाठीची वेगळी मीटर मिळतात, पण पट्ट्या महाग आणि ऑनलाइन मागवाव्या लागतात. माणसांची पट्टी दहा-वीस रुपयांत कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते. मला चढ-उतार कळण्याशी मतलब. मीटर तेच ठेवलं की तेवढं नीट कळतं, असा माझा अनुभव. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका. दुसरी भानगड आपल्या उन्हाळ्याची. पट्ट्या तीस अंशांच्या आत ठेवा असं बहुतेक डब्यांवर छापलेलं असतं, आणि मीटरही भट्टीसारख्या खोलीत ‘एरर’ दाखवून थांबतं. एप्रिल-मेमध्ये आम्ही डबी घट्ट बंद करून सगळ्यात गार खोलीत ठेवतो आणि मोजणीही तिथंच.

अंगावर चिकटवायचा सेन्सरही बघितला. केस भादरून लावायचा, चौदा दिवस टोचणी नाही, ऐकायला छान. बंडूने तो भिंतीला घासून काढला. शांत, जाड्या मांजरावर टिकत असेल कदाचित.

दवाखानाच बरा, अशीही घरं आहेत. मांजर कानाला हातच लावू देत नसेल, घरात एकटंच माणूस असेल, किंवा रक्त बघून तुमचाच हात थरथरत असेल तर हट्ट करू नका. अशा वेळी फ्रुक्टोसामीनची तपासणी विचारा. ती मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी सांगते, त्यामुळे रिक्षातल्या टाहोचा तिच्यावर परिणाम होत नाही. आमचा नमुना पुण्याला पाठवावा लागला, थांबावं लागलं, पण दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा ती कितीतरी खरी. मात्र आज दुपारी मांजर लटपटतंय, नजर हरवल्यासारखी झालीय, साखर उतरली की काय, याचं उत्तर ती देत नाही. तिथं घरचं मीटरच हवं. आकडा साठच्या खाली असेल तर हिरड्यांना मध चोळायचा आणि डॉक्टरांना फोन लावायचा, या क्रमाने.

मीटर घेण्याआधी डॉक्टरांना एकच विचारून ठेवा: घरचे आकडे व्हॉट्सॲपवर पाठवले तर बघाल का? आमचे बघतात, आणि डोस त्यांच्या उत्तराशिवाय आम्ही एका युनिटानेही हलवत नाही. बघत नसतील, तर घरच्या आकड्यांची वही घेऊनही शेवटी रिक्षातच बसावं लागेल, आणि मग माझी शिफारस तुमच्या फारशी कामाची नाही.