जंप स्टार्टर: केलाँगची थंडी ते ठाण्याचा पाऊस, आठ महिन्यांचा अनुभव

जंप स्टार्टर म्हणजे गाडीची बॅटरी उतरली की तिला चिमट्यांनी जोडून बाहेरून जोर देणारा, हातात मावणारा बॅटरीचा डब्बा. गेल्या नोव्हेंबरमध्ये घेतला, १२ व्होल्टच्या गाड्यांसाठीचा, १२,००० एमएएचचा, साडेचार हजारांना. तीनदा खरोखर कामाला आला म्हणून सविस्तर लिहितेय. आमची गाडी डिझेल, २०१७ ची, उभी असते वाघबीळला सोसायटीच्या बेसमेंटमध्ये.

डिसेंबरात ठाण्याहून गाडीनेच मनालीला गेलो आणि पुढे अटल टनेलमधून केलाँगला, दोन रात्री. दहा हजार फुटांवरचं गाव, पहाटे मोबाईल उणे ११ दाखवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर घर्र... घर्र... आणि मग नुसतं टक टक टक, डॅशबोर्डचे दिवे पण मंद झाले. पोटात गोळाच आला, कारण आजूबाजूला गॅरेज वगैरे काही दिसत नव्हतं आणि सासूबाई सोबत होत्या.

डिकीतून जंप स्टार्टर काढला, चिमटे लावले, तर लाल दिवा. घरून फुल चार्ज करून नेलेला! मग लक्षात आलं की हा रात्रभर डिकीत गारठलाय, आत लिथियमच आहे, त्याचीही ताकद थंडीत पडते. होमस्टेवाले काका म्हणाले शेगडीजवळ ठेवा, पण ते मात्र कधीच करू नका, लिथियम बॅटरी विस्तवाजवळ न्यायची नाही. मी तो स्वेटरच्या आत धरून अर्धा तास खोलीत बसले. मग परत चिमटे, लाल बॅटरीच्या प्लसला, काळा इंजिनच्या उघड्या लोखंडाला. हिरवा दिवा लागला. चावी ऑन करून हीटर कॉईलचा (डिझेल इंजिन लागण्याआधी आतून तापवणारी कॉईल) दिवा विझू दिला, असं दोनदा केलं आणि मग सेल्फ, पाच सेकंदांच्या वर नाही. पहिल्यांदा नाही लागली, अर्धा मिनिट थांबून परत मारला आणि भसकन पांढरा धूर सोडून गाडी चालू झाली. सासूबाईंनी तिथेच हात जोडले.

आता हे का होतं ते सांगते, कारण मलाही आधी वाटलं थंडीनेच बॅटरी गेली. लेड ॲसिड बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते, उणे १८ ला तर तिचा जोर जवळपास निम्म्यावर येतो, आणि त्याच वेळी ऑईल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, डिझेलला तर आणखीच. पण बॅटरी आतून खरी खराब करतो तो उन्हाळा. आमची साडेतीन वर्षं ठाण्याच्या उकाड्यात आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये भाजली होती, इथे सेल्फ घेत होती म्हणून कळलंच नाही. त्यामुळे वर जाणार असाल तर निघायच्या आधी बॅटरीवाल्याकडून लोड टेस्ट (ताण दिल्यावर बॅटरी किती तग धरते ती तपासणी) करून घ्याच. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर फुल चार्ज, १२.२ च्या खाली असेल तर त्या बॅटरीवर हिमाचलला जाऊ नका.

अजून एक. सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी लागत नाही, असं झालं तर जंप स्टार्टरचा उपयोग बहुतेक नाही. डिझेल फार गारठलं की त्यातलं मेण सुटतं आणि फिल्टर चोंदतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत न गोठणारं विंटर डिझेल आणलं ते ह्याच कारणासाठी. खालून भरलेलं डिझेल घेऊन वर जाऊ नका, तिथल्या पंपावर भरा.

जानेवारीत नवीन बॅटरी टाकली. मे मध्ये बेसमेंटात शेजारच्या काकांची पेट्रोल गाडी उठवली, एका सेल्फमध्ये. जुलैत आम्ही पंधरा दिवस गावी होतो, डॅशकॅम (काचेवरचा कॅमेरा) पार्किंग मोडवर, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू राहिला आणि आमचीच नवी बॅटरी इतकी उतरली की जंप स्टार्टरला बॅटरी जोडलीय हेच कळेना. तिथे बूस्ट बटण दाबावं लागतं. ते दाबलं की आतलं संरक्षण बंद होतं, चिमटे उलटे असतील तर थेट ठिणगी, म्हणून मी दोनदा बघून, टॉर्च मारून दाबलं. टर्मिनलवरची पांढरी पावडर कोमट पाण्याने आणि खायच्या सोड्याने आधीच काढून ठेवा, नाहीतर चिमटा नीट धरत नाही आणि दोष यंत्राला जातो.

तक्रारी आहेतच. केबल फारच आखूड, डब्बा बॅटरीवरच टेकवावा लागतो आणि इंजिन चालू झालं की थरथरून घसरतो. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण चौथ्या महिन्यात तुटलं, कंपनीला दोन मेल केले, उत्तर नाही. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करायचा नाही हे मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे, ते डब्यावर मोठ्याने छापायला हवं होतं. दर तीन महिन्यांनी चार्ज करते, एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या गाडीत अजिबात ठेवत नाही, घरी कपाटात असतो.

डिसेंबरात परत वर जायचं चाललंय, हाच नेणार, फक्त रात्री तो डिकीत राहणार नाही, खोलीत उशाशी राहील. नवीन घेणाऱ्यांनी लांब केबलवाला मिळत असेल तर पाचशे जास्त गेले तरी तोच घ्या.