दहा सेकंदांचा जोर : पुण्यातील एका ईएमजी-एनसीव्ही लॅबचा अनुभव

गेले आठ महिने माझ्या वडिलांना जिना चढताना मांड्यांतले बळ गेल्यासारखे वाटत होते आणि तोंडाला सतत कोरड पडत होती. पहिल्या ठिकाणी केलेल्या एनसीव्ही तपासणीत (यात सौम्य शॉक देऊन नसा आणि स्नायूंचा प्रतिसाद मोजतात) स्नायूंचा प्रतिसाद सगळीकडेच कमी आला, संवेदनेच्या नसा मात्र उत्तम निघाल्या. तरीही 'मोटर न्यूरोपॅथी' (हालचालीच्या नसांचा आजार) असा शेरा मारून आम्हाला घरी पाठवण्यात आले. तिथे आणखी दहा सेकंद खर्च केले असते तर निदान तेव्हाच झाले असते, याची खंत मला आजही आहे.

दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, तर पाय जवळपास हललाच नाही. त्यांनी चिठ्ठीवर 'लॅम्बर्ट-ईटन?' असे लिहून आम्हाला या रुग्णालयाच्या लॅबमध्ये पाठवले. १९५६ साली मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी वर्णन केलेल्या या दुर्मीळ आजारात नसेच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियमच्या वाहिन्यांवर शरीरातीलच प्रतिपिंडे हल्ला करतात. त्यामुळे नसेकडून स्नायूकडे निरोप नेणारे अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन पुरेसे सुटत नाही आणि स्नायूपर्यंत निरोप क्षीण पोहोचतो. मात्र थोडा वेळ जोर लावला की टोकाशी कॅल्शियम साचते आणि तोच निरोप काही क्षण नीट पोहोचतो. सगळी तपासणी या काही क्षणांवर उभी आहे.

तंत्रज्ञ ताईंनी आधी बाबांचा हात तपासला. तो गार होता, म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकून तापमान ३२ अंशांच्या वर आल्यावरच त्यांनी इलेक्ट्रोड लावले. गार हातात दोष झाकला जाऊ शकतो, हे त्यांनी समजावूनही सांगितले. मनगटापाशी पहिला शॉक दिला तेव्हा पडद्यावर जेमतेम उंचवटा उमटला : १.८ मिलिव्होल्ट. सेकंदाला तीनच्या गतीने दिलेल्या शॉकमध्ये तो आणखी खाली घसरत गेला. मग ताई म्हणाल्या, "काका, करंगळी माझ्या बोटावर जोरात बाहेर ढकला, मी थांबा म्हणेपर्यंत सोडू नका." दहा सेकंद झाले, हात सैल सोडायला सांगितला आणि लगेच पुन्हा शॉक दिला. लहर ५.४ वर गेली, म्हणजे वाढ २०० टक्के. १०० टक्क्यांच्या वरची वाढ या आजाराकडे स्पष्ट बोट दाखवते. रुग्ण स्वतः जोर लावू शकत असल्यामुळे सेकंदाला पन्नासच्या गतीचे वेदनादायक शॉक त्यांनी टाळले, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

उणिवाही आहेत. नऊ दिवस थांबल्यावर वेळ मिळाली आणि लॅबबाहेरच्या खुर्च्यांना हात नाहीत. ज्यांना उठताना आधार लागतो, नेमके तेच रुग्ण तिथे बसलेले असतात.

अहवाल त्याच संध्याकाळी मिळाला. या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत फुफ्फुसाचा स्मॉल सेल कर्करोग आढळत असल्याने दुसऱ्याच दिवशी छातीचा सीटी स्कॅन झाला. तो निर्दोष आला, तरी पुढची दोन वर्षे ठरावीक अंतराने स्कॅन करायचा आहे. इथे येणाऱ्यांनी हाताला तेल किंवा क्रीम लावू नये, पायरिडोस्टिग्मिन (नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचायला मदत करणारे औषध) चालू असल्यास ते किती तास आधी थांबवायचे हे आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि चिठ्ठीवर 'व्यायामानंतरची नोंद' हे शब्द आहेत ना, ते घरून निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.